नकाशा-होकायंत्राची रेस जोडीने कशी करावी

दोघांच्या टीममध्ये बहुमत नसतं. चौघं असली की तिघं एका बाजूला होतात आणि वाद मिटतो. दोघंच असलात, एक म्हणाला "डावीकडे" आणि दुसरा म्हणाला "वर", की निकाल द्यायला तिसरं कुणी नाही. जोड्यांचा वेळ पाय दमल्यामुळे जातो त्याहून जास्त अशा अडकलेल्या क्षणांत जातो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ओरिएंटियरिंगची (नकाशा आणि होकायंत्राने वाट काढत जायची) किंवा अ‍ॅडव्हेंचर रेस दोघांनी करायची असेल तर तयारीतला पहिला प्रश्न हा: मत पटलं नाही की आपण नेमकं काय करायचं?

मी या रेस माझ्या नणंदेबरोबर करते. ताई वयाने मोठ्या आहेत, चढावर माझ्यापेक्षा बऱ्याच वेगवान आहेत आणि समोरची जमीन त्यांना पटकन कळते. मला कागदावरच्या रेषा लवकर कळतात. वयाचा मान आमच्यात पूर्ण आहे, पण नकाशा हातात आला की जो पुरावा दाखवेल त्याचं खरं, हे आम्ही आधीच ठरवून टाकलेलं आहे. धाकट्याने मोठ्याला "थांबा, हे चुकतंय" म्हणणं ऐन रेसमध्ये सुचत नाही. ते आधी ठरलेलं असलं तरच तोंडातून निघतं. बाप-लेक, नवरा-बायको, साहेब आणि हाताखालचा माणूस अशा जोड्यांना हे जास्तच लागू आहे.

आधी रेसचा प्रकार आणि नियम

या रेस ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एकीत चेकपॉइंट, म्हणजे नकाशावर दाखवलेल्या आणि प्रत्यक्षात झेंडा लावलेल्या जागा, ठरलेल्या क्रमानेच घ्यायचे असतात आणि कमी वेळात पूर्ण करणारी टीम जिंकते. दुसरीत वेळ ठरलेला असतो, तीन, सहा, बारा किंवा चोवीस तास, आणि नकाशावर विखुरलेल्या चेकपॉइंटना वेगवेगळे गुण असतात. कुठले घ्यायचे, कुठले सोडायचे, कुठल्या क्रमाने, हे टीमने ठरवायचं. या दुसऱ्या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ म्हणजे रोगेनिंग. तो 1976 साली ऑस्ट्रेलियात सुरू झाला. त्यात टीम दोन ते पाच जणांची असते आणि पूर्ण लांबीची स्पर्धा चोवीस तासांची असते. अ‍ॅडव्हेंचर रेसमध्ये पायी भागाला सायकल आणि बोट यांचीही जोड असते. दोघांसाठी पहिली रेस निवडायची तर मी गुणांची, सहा तासांची सुचवेन. तिच्यात वाटेत बेत बदलायला जागा असते.

नियमपत्रक दोघांनीही स्वतंत्र वाचावं. एकाने वाचून दुसऱ्याला सांगितलं की काहीतरी गळतंच. जोडीने खास बघायच्या गोष्टी अशा: दोघांमध्ये किती अंतर चालतं? रोगेनिंगमध्ये साधी हाक ऐकू येईल इतक्या अंतरात राहावं लागतं आणि चेकपॉइंटच्या 20 मीटरच्या आत सगळ्यांनी एकाच वेळी यावं लागतं. अ‍ॅडव्हेंचर रेसमध्ये हे अंतर आयोजक मीटरमध्ये देतात. पंचिंगची, म्हणजे चेकपॉइंटवर पोहोचल्याची नोंद करायची, चिप एकच आहे की प्रत्येकाला वेगळी? वेगळी असेल तर दोघांच्या पंचमध्ये किती वेळ चालतो? जीपीएस बहुतेक ठिकाणी बंद असतं, मग जीपीएसवालं घड्याळ चालतं का? जोडीदाराला ओढायची दोरी चालते का? सक्तीच्या सामानात कुठली वस्तू दोघांत एक पुरते आणि कुठली प्रत्येकाकडे हवी? आणि एकाने रेस सोडली तर दुसऱ्याचं काय? जोडीत याचं उत्तर बहुधा एकच असतं: टीम संपली. चौघांतला एक बाहेर पडला तर काही ठिकाणी बाकीचे क्रमवारीबाहेर का होईना, पुढे जाऊ शकतात. जोडीला ती सोय नाही, म्हणून जोडीदाराची तब्येत हा तुमचाही प्रश्न असतो.

जोडीदार निवडताना

वेग जुळला पाहिजे असं सगळे सांगतात. माझ्या मते अपेक्षा जुळणं जास्त महत्त्वाचं. एकाला पहिल्या दहात यायचं असेल आणि दुसऱ्याला डोंगरात दिवस घालवायचा असेल तर दोघंही दुःखी होतात. वेगातला फरक भरून काढता येतो, जास्त ओझं वेगवान माणसाच्या पाठीवर देऊन किंवा दोरीने ओढून. अपेक्षेतला फरक भरून काढायला काही उपाय नाही.

नाव नोंदवण्याआधी एकदा निवांत बसा आणि काही प्रश्न एकमेकांना सरळ विचारा. आपण पळणार आहोत की भराभर चालणार? रात्रभराची रेस असेल तर झोपणार का? कुठल्या परिस्थितीत रेस सोडायची? भूक लागली की तू कसा वागतोस? शेवटचा प्रश्न मी फार गंभीरपणे विचारते. ताई भूक लागली की गप्प होतात. मी भूक लागली की घाईने निर्णय घेते. हे एकमेकींना माहीत असल्यामुळे त्या दहा मिनिटं बोलल्या नाहीत की मी खाऊ पुढे करते, आणि मी "चला चला, हेच असेल" म्हणायला लागले की त्या मला थांबवतात.

सराव: कंटूर, पावलं आणि बोलणं

पळायचा, चढायचा सराव तुम्ही करालच, त्यावर लिहीत नाही. जोडीने करायचा सराव वेगळा आहे. त्यात कंटूर, म्हणजे नकाशावरच्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, सारख्या येतील.

घरी बसून करायचा एक खेळ सांगते, आमच्यासाठी सगळ्यात उपयोगी ठरलेला. दोघांकडे एकाच नकाशाच्या प्रती. एकाने मनात एक जागा धरायची आणि बोट न दाखवता, आकडा न सांगता, फक्त शब्दांत वर्णन करायचं: "मी दोन सोंडांमधल्या घळीत आहे. उत्तरेकडे तोंड केलं तर उजवीकडची सोंड जास्त उभी. खाली घळ रुंद होते आणि तिथे ओढा सुरू होतो. माझ्या मागे दोन कंटूर वर खिंड आहे." दुसऱ्याने ऐकून ती जागा शोधायची. सुरुवातीला बराच वेळ लागतो, मग काही सेकंदांत बोट बरोबर जागी जातं. यातून दोघांची भाषा एक होते. घळ कशाला म्हणायचं, नुसती खोलगट जागा कशाला, सोंड आणि धार यांत फरक काय, हे घरी ठरलं की डोंगरात त्यावर वेळ जात नाही. ज्याला कंटूर अजून जड जातात त्याने एक खूण धरावी: रेषांचं टोक चढाच्या दिशेला वळलेलं असेल तर ती घळ, उताराच्या दिशेला असेल तर ती सोंड. रेषा जवळ जवळ आल्या की चढ उभा, लांब लांब असल्या की सौम्य.

पावलं मोजणं दोघांनीही शिकावं. टेपने 100 मीटर मोजा आणि एकच पाय, समजा उजवा, पडतो तेवढ्यांदाच मोजत चाला. सपाटीवर चालत, सपाटीवर पळत, चढावर आणि झुडपांतून असे चार आकडे काढा. माझा सपाटीवर चालतानाचा आकडा 64, ताईंचा 58. चढावर आणि झाडीत दोघींचाही बराच वाढतो. हे आकडे पट्टीवर लिहून होकायंत्राच्या मागच्या बाजूला चिकटवा.

मग खरं मैदान. एकाच्या हातात नकाशा, दुसरा नकाशाविना. पुढच्याने वाट काढायची, मागच्याने आजूबाजूला बघत यायचं. मध्येच थांबून मागच्याच्या हातात नकाशा द्यायचा आणि विचारायचं, "आपण कुठे आहोत?" त्याला सांगता आलं नाही तर त्याचा अर्थ पुढच्याने पुरेसं बोलून दाखवलेलं नाही. मग भूमिका बदलायच्या. नकाशा वाचणारा एकच आणि दुसरा नुसता पाठीमागे, अशी जोडी मनाने एकट्याचीच टीम असते. तो एक दमला की दोघंही हरवतात.

नकाशा मिळाल्यावर

लांबच्या रेसमध्ये नकाशा सुरुवातीच्या दोन-तीन तास आधी मिळतो, छोट्या रेसमध्ये अर्धा-पाऊण तास. हातात आल्याबरोबर मार्ग आखायला लागू नका. आधी कडेची माहिती मोठ्याने वाचा: प्रमाण किती, दोन कंटूरमधलं उंचीचं अंतर किती, उत्तर दाखवणाऱ्या रेषा चुंबकीय उत्तरेच्या आहेत की नाहीत. ओरिएंटियरिंगचे नकाशे 1:10,000 किंवा 1:15,000 असतात आणि कंटूर बहुधा 5 मीटरचे. मोठ्या रेसचे नकाशे 1:25,000 किंवा 1:50,000 असतात, कंटूर 10 किंवा 20 मीटरचे. 1:25,000 वर 4 सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. कंटूरचं अंतर चुकीचं धरलं तर अख्ख्या दिवसाचा हिशेब निम्मा किंवा दुप्पट होतो. मग निषिद्ध भाग, पाण्याच्या जागा आणि न ओलांडता येणारे कडे दोघांनीही बोट ठेवून बघा.

यानंतर काम वाटून घ्या. आमच्यात ताई जास्त गुणांचे चेकपॉइंट ठळक पेनाने रंगवतात आणि ते कुठे गर्दीने आहेत ते सांगतात. मी दोरा घेऊन अंतर मोजते. न ताणणारा जाड दोरा, त्यावर नकाशाच्या प्रमाणात दर किलोमीटरला पेनाची खूण. रेस गुणांची असेल तर गर्दीचे भाग जोडत एक मोठा फेरा आखायचा.

किती अंतर झेपेल ते कसं काढायचं? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली सांगितलेला नियम आजही कामाचा आहे: तासाला तीन मैल, आणि दर 2,000 फूट चढाईला एक तास जास्तीचा. आपल्या मापात साधारण तासाला 5 किलोमीटर आणि 600 मीटर चढाईला एक तास. म्हणजे एक मीटर चढ हा साधारण आठ मीटर सपाट चालण्याइतका. सहा तासांच्या रेसचा हिशेब असा मांडा. वीस चेकपॉइंट घ्यायचे ठरवले आणि शोधणं, पंच करणं, पुढचं ठरवणं यात प्रत्येकी तीन मिनिटं धरली तर एक तास तिथेच गेला. उरले पाच तास, म्हणजे 25 सपाट किलोमीटर. वाटेत एकूण 800 मीटर चढ असेल तर त्याचे 6.4 किलोमीटर वजा करा. उरले 18.6. दोरा वळणावळणाने न फिरवता सरळ रेषेत मोजला असेल तर मी प्रत्यक्ष चाल पाचव्या हिश्श्याने जास्त धरते, म्हणजे दोऱ्यावर साधारण साडेपंधरा किलोमीटर दिसले पाहिजेत. तुमचा वेग वेगळा असेल, आकडे बदला, पद्धत हीच.

दोन जागा आखतानाच ठरवा. साधारण अर्ध्या वेळेला जिथे पोहोचाल तिथून परतीची एक आखूड वाट असली पाहिजे. आणि शेवटच्या तासासाठी फिनिशजवळचे तीन-चार चेकपॉइंट मोकळे ठेवा. वेळ उरला तर सगळे, नाही तर एखादाच. रात्र होणार असेल तर अंधारातल्या वाट्याला पायवाट, ओढा, खिंड अशा न चुकणाऱ्या खुणांजवळचे चेकपॉइंट द्या. सपाट जंगलातला एकटा खळगा उजेडातच घ्यावा.

मार्ग ठरला की एकाने तो बोटाने चालत मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने फक्त हरकती घ्यायच्या. या वेळेला हरकत घेतलेली फार स्वस्त पडते.

चालताना: प्रत्येक टप्प्याआधी चार वाक्यं

माझ्या मते सगळ्या रेसचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दर टप्प्याआधी नकाशावाल्याने चार गोष्टी सांगायच्या: कशाच्या सोबतीने जायचं, वाटेत काय दिसेल, कुठल्या खात्रीच्या खुणेपासून चेकपॉइंटकडे शेवटची नेमकी चाल करायची, आणि पुढे गेलो तर कशावरून कळेल. पहिल्याला हँडरेल म्हणतात, तिसऱ्याला अटॅक पॉइंट. उदाहरण देते. चेकपॉइंट आहे "घळीचं वरचं टोक". मी म्हणते, "ताई, ओढा उजव्या हाताला ठेवून त्याच्या काठाने वर, साडेसहाशे मीटर. वाटेत डावीकडून दोन घळी येतील, दोन्ही सोडायच्या. तिसरी घळ ओढ्याला मिळते तिथे थांबायचं, समोर ओढा उजवीकडे वळलेला दिसेल. तिथून घळीतून वर सहा कंटूर. रुंद पायवाट लागली तर आपण पुढे गेलो." ताई म्हणतात, "ओढा उजवीकडे, साडेसहाशे, तिसरी घळ, पायवाट नको." आणि निघतात, मोजत. साडेसहाशे मीटरला त्यांचे 377 आकडे. पहिली घळ आली की "एक". दुसरी आली की "दोन, 230 झाले". आता तिसरी येण्याआधीच 400 उलटले तर त्या हात वर करतात, आणि आम्ही दोघी थांबतो. ओढा वळलाय का? घळींपैकी एखादी झाडीत दिसली नसेल का? एकीच्या मोजणीने दुसरीच्या नकाशाला प्रश्न विचारला. जोडीचा सगळा फायदा हाच आहे.

कामाची वाटणी म्हणून अशी: नकाशावाल्याचा अंगठा सतत आपण आहोत त्या जागेवर, नकाशा सतत उत्तरेला जुळवलेला. दुसऱ्याकडे पावलं, घड्याळ, पंच आणि वर बघणं. नकाशात डोकं घातलेल्या माणसाला वीस मीटरवरचा नारिंगी-पांढरा झेंडा दिसत नाही. तो तसा लहानच असतो, 30 सेंटिमीटरची बाजू, आणि वर्णन वाचून नेमक्या खुणेपाशीच शोधावा लागतो. नकाशावर चेकपॉइंटभोवती काढलेल्या वर्तुळाच्या मध्यावर जी खूण आहे ती आधी सापडली पाहिजे, मग झेंडा सापडतो.

होकायंत्राच्या दिशेने उघड्यावरून जायचं असेल तर एक अंशाची चूक एका किलोमीटरला सुमारे 17 मीटर पडते, पाच अंशांची जवळपास 90 मीटर. पाच अंश चुकणं हे दमलेल्या माणसाला सहज होतं. म्हणून चेकपॉइंट ओढ्यावर किंवा वाटेवर असेल तर मुद्दाम एका बाजूला नेम धरा. समजा डावीकडे धरला. ओढा लागला की शंका नाही, उजवीकडे वळायचं. नेमका नेम धरून ओढ्यावर पोहोचलात आणि झेंडा दिसला नाही, तर डावं की उजवं यावर दोघांची दोन मतं होतात. झाडीत दोघं असण्याचा आणखी एक उपयोग: एकाने दिशा धरून थांबायचं, दुसऱ्याने पुढे जाऊन उभं राहायचं, मागच्याने "थोडं डावीकडे" असं सांगून त्याला रेषेवर आणायचं आणि मग स्वतः त्याच्यापर्यंत जायचं. हळू होतं, पण दाट धुक्यात याच्याइतकं खात्रीचं काही नाही.

चेकपॉइंटवर पंच करण्याआधी झेंड्यावरचा क्रमांक एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने यादीशी ताडून बघायचा. मग तिथे उभं राहून बोलू नका. पन्नास मीटर पुढे चाला, मग पुढचं ठरवा. झेंड्यापाशी रेंगाळलेली टीम इतर टीमना झेंडा कुठे आहे ते सांगत असते.

मत पटलं नाही तर

आमचा नियम: दोघींपैकी कुणीही "थांबा" म्हटलं की दोघीही थांबतो, कारण न विचारता. मग एक मिनिट. प्रत्येकीने नकाशावरची एक आणि जमिनीवरची एक अशा दोन खुणा दाखवून आपलं म्हणणं मांडायचं. "मला वाटतं" हे चालत नाही. "नकाशात खिंडीच्या पूर्वेला कडा आहे, समोर कडा पश्चिमेला दिसतोय" हे चालतं. एका मिनिटात पटलं नाही तर दोघींपैकी कुणाचंच ऐकायचं नाही. शेवटच्या ज्या जागेबद्दल दोघींची खात्री होती तिथे परत जायचं. परत जाणं जिवावर येतं, पण मागे जायला लागलेली दहा मिनिटं मोजता येतात. चुकीच्या घळीत वर-खाली करण्यात गेलेला वेळ मोजताही येत नाही.

नकाशावाला दमला की नकाशा बदलायचा. हे त्याने स्वतः ओळखायची वाट बघू नका. एकच जागा तो तिसऱ्यांदा वाचतोय, टप्प्याआधीची चार वाक्यं दोनवर आली आहेत, समोरची प्रत्येक घळ त्याला "हीच" वाटते आहे, या खुणा दिसल्या की दुसऱ्याने हात पुढे करायचा आणि पहिल्याने नकाशा द्यायचा. एक टप्पा, दोन टप्पे, मग परत.

वेग, ओझं आणि दोरी

टीमचा वेग हळू माणसाचा असतो, तेव्हा सगळी मेहनत त्याचा वेग वाढवण्यासाठी. आधी ओझं बदला. पाण्याची एक बाटली इकडून तिकडे गेली तरी चढावर फरक जाणवतो. मग दोरी. पुढच्याच्या कमरपट्ट्याला किंवा सॅकला अडकवलेली ताणणारी बंजी, दोन-तीन मीटर लांब, मागच्याच्या पट्ट्यात झटकन निघेल अशा कडीने. ओढ हलकी हवी, मागच्याला खेचलं जातंय असं वाटू नये, पाठीत वारा लागल्यासारखं वाटावं. रुंद वाटेवरच्या लांब चढांसाठी ही उत्तम. उतारावर, कड्याजवळ, खडकाळ जागी आणि पाणी ओलांडताना दोरी कधीही नको. एक घसरला की दुसराही जातो. आणि ती लवकर लावा. मागचा पुरता दमल्यावर लावलेली दोरी फक्त त्याला चालतं ठेवते.

दर अर्ध्या तासाला एकमेकींना आकडा विचारतो: एक ते दहामध्ये आत्ता किती? खोटा आकडा सांगायचा नाही. ताईंनी चार सांगितलं की वेग मी धरते.

खाण्याची जबाबदारी एकमेकांची. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं हा तासन्‌तास चालणाऱ्या मेहनतीचा सर्वमान्य आकडा आहे. सराव असलेली माणसं 90 ग्रॅमपर्यंत पचवतात. घड्याळाला अर्ध्या तासाचा गजर लावा, आणि गजर झाला की आधी जोडीदाराने तोंडात काही घातलं का ते बघा. गोडाचा कंटाळा येतो, म्हणून खारट ठेवा. पाणी तहानेप्रमाणे प्या. तहान नसताना बळेच खूप पाणी पिण्याने रक्तातलं सोडियम घसरतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ होतो आणि ते जिवावर बेतू शकतं.

सायकल आणि बोटीबद्दल थोडक्यात. सायकलवर नकाशा हँडलच्या फिरत्या बोर्डावर हवा, आणि नकाशावाला बोर्डाकडे बघत असताना दुसऱ्याने पुढे राहून खड्डे, गाड्या आणि फाटे ओरडून सांगायचे. दोघांच्या बोटीत मागचा दिशा सांभाळतो आणि पुढचा लय ठरवतो, म्हणून नकाशा पुढच्याकडे दिला की मागच्याला वल्हं सोडावं लागत नाही.

रात्र

रात्री सगळी अंतरं जास्त वाटतात आणि माणूस लवकर थांबून शोधायला लागतो. पावलं मोजण्याचा खरा उपयोग तेव्हाच. डोक्यावरचे दिवे दोघांकडे, जादा बॅटरी दोघांकडे. नकाशा वाचणाऱ्याने दिवा मंद ठेवावा, नाही तर चकाकणाऱ्या कागदावर तपकिरी कंटूर दिसत नाहीत आणि डोळेही अंधाराला पारखे होतात. लांबवर बघणं दुसऱ्याच्या प्रखर दिव्याचं काम. पहाटे तीन ते पाच ही सगळ्यात अवघड वेळ. झोप अंगावर येते, दगड माणसांसारखे दिसतात. तेव्हा सतत बोलत राहायचं. बोलूनही भागलं नाही तर आडोशाला, सगळे गरम कपडे घालून पंधरा-वीस मिनिटांची झोप घ्या. गजर दोघांच्याही घड्याळात लावा.

अंगावर बेतलं तर

शिट्टीचा आंतरराष्ट्रीय संकेत: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर म्हणजे मिनिटात तीन. शिट्टी सॅकच्या पट्ट्याला हवी, आत नको. मोठ्या टीममध्ये एक जखमीपाशी थांबतो आणि दुसरे मदतीला जातात. जोडीत हा पर्याय फार महाग आहे, म्हणून आधी शिट्टी, मग आयोजकांनी परवानगी दिलेला आणीबाणीचा फोन, मग वाट बघणं. जवळून जाणाऱ्या टीमने रेस सोडून मदत करायचीच असते. सोडून जाणं अगदी अटळ असेल तर जखमीची जागा नकाशावर खूण करून कागदावर लिहा, जादा कपडे, चंदेरी ब्लँकेट, खाणं आणि दिवा त्याच्यापाशी ठेवा.

अंग गार पडणं जोडीदाराला आधी कळतं. बोलणं अडखळतं, पाय अडखळतात, चेन लावता येत नाही, उगाच चिडचिड होते. त्या माणसाला स्वतःला "मी ठीक आहे" असंच वाटत असतं. म्हणून तब्येतीच्या बाबतीत आमचा नियम नकाशाच्या नियमाहून वेगळा आहे: इथे पुरावा मागायचा नाही. जी म्हणेल "थांबायचं", तिचं खरं. ओले कपडे काढा, कोरडे घाला, वाऱ्यापासून आडोसा, खाणं, आणि मग खाली उतरायचा मार्ग.

शेवटचा तास

गुणांच्या रेसमध्ये उशीर महाग असतो. रोगेनिंगमध्ये साधारण मिनिटाला 10 गुण जातात आणि अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला तर टीम बादच होते. आठ मिनिटं उशीर म्हणजे 80 गुण, एक मोठा चेकपॉइंट गेला. म्हणून शेवटच्या तासात नकाशावाल्याने मार्ग सांगायचा आणि घड्याळवाल्याने होकार द्यायचा. होकार मिळाला नाही तर तो चेकपॉइंट सोडायचा, वाद नाही. फिनिशला पोहोचायला जो वेळ लागेल असं वाटतं त्याच्यावर दहा मिनिटं धरून उलटं मोजत या. अंधार असेल तर वीस.

रेस झाली, आंघोळ-जेवण झालं की त्याच संध्याकाळी दोघांनी कोऱ्या नकाशाच्या दोन प्रती घ्या आणि एकमेकांना न दाखवता आपण गेलो तो मार्ग आठवून काढा, थांबलो तिथे टिंब द्या. मग दोन्ही शेजारी ठेवा. जिथे दोन्ही रेषा एकाच घळीतून जातात तिथे बोलणं नीट झालं होतं. जिथे रेषा फुटतात, तिथे एक जण नुसता मागून चालत होता, आणि पुढच्या सरावाला नेमका तसाच टप्पा निवडून नकाशा आधी त्याच्या हातात द्यायचा.